परमुलखातले उंदीरमामा

परदेशात काही वर्षं काढून आलेल्या माणसाला बोलतं करायचं असेल तर तिथल्या उंदरांचा विषय काढावा. हवापाणी, पगार, पेट्रोलचे भाव यांवर तो दोन वाक्यांत आटोपतो, पण रात्री पांघरुणावरून काय धावत गेलं हे सांगताना त्याच्या अंगात येतं. घरी असताना याच माणसानं उंदराकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. आपल्याकडे तो गणपतीच्या पायाशी बसतो, लहान मुलांच्या गोष्टींत ‘उंदीरमामा’ होतो आणि वर्षातून एकदा कपाटातली ठेवणीतली साडी कुरतडतो. एवढंच आपलं त्याचं नातं. परक्या मुलखात मात्र मामाची भीती वाटते. ही भीती निव्वळ किळसेची नाही. आपल्या गावच्या उंदराबरोबर कसं राहायचं हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नकळत शिकलेलं असतं. परगावच्या उंदराचे नियम आपल्याला कुणी सांगितलेले नसतात.

गेल्या सव्वाशे वर्षांतल्या कितीतरी आजारांची हकीकत या एका गोष्टीभोवती फिरते. बाहेरून माणसं येतात, बहुधा फौजेतली, मिशनमधली नाहीतर नोकरीवरची. ती उंदरांच्या शेजारी झोपतात, आजारी पडतात, आणि मग त्या आजाराला नाव मिळतं. तिथले लोक तोवर त्याच आजारानं पिढ्यान्‌पिढ्या मरत असतात, आणि बरेचदा त्यांना कारणही ठाऊक असतं.

सर्वांत गाजलेले परदेशी उंदीर पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचे. १९१४ च्या ऑक्टोबरात हिंदुस्थानी फौज फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या आघाडीवर पोचली. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या तिच्यात होत्या, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला नव्ह शापेलच्या लढाईत त्यांची जबर हानी झाली. तो सगळा मुलूख सखल आणि चिखलाचा. चार हात खणलं की पाणी लागायचं. खंदकात गुडघाभर पाणी, भिंतींत उंदरांची बिळं, आणि समोरासमोरच्या दोन फौजांमधल्या पट्टीत न उचललेली प्रेतं. उंदराला आणखी काय हवं? तपकिरी उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी आठ-दहा पिल्लं घालते, ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. एरवी अन्नाच्या तुटवड्यानं या वाढीला लगाम बसतो. इथे रिकामे न झालेले डबे, मेलेली घोडी आणि माणसं यांचा रतीबच चालू होता. शिपाई पाव दोरीनं छताला टांगून ठेवत, तर उंदीर दोरीवरून खाली उतरत. झोपलेल्याच्या तोंडावरून ते बिनदिक्कत जात. त्यांच्यावर गोळ्या झाडू नयेत, दारूगोळा वाया जातो, अशी ताकीद असे. म्हणून संगिनीनं उंदीर मारणं हा खंदकातला करमणुकीचा खेळ होऊन बसला. टेरियर जातीची कुत्री तर या कामावर मुद्दाम ठेवलेली असत.

पण शिपायांना जो उंदीर दिसत होता तो त्रासदायक होता, धोकादायक उंदीर दिसतच नव्हता. खंदकातल्या काही जणांना एकाएकी थंडी वाजून ताप भरे, पोटऱ्या इतक्या दुखत की हात लावू देत नसत, डोळे लाल होत आणि मग अंग पिवळं पडे. आडोल्फ वाइल या जर्मन डॉक्टरनं १८८६ मध्ये अशा काविळीचं वर्णन करून ठेवलं होतं, पण ती होते कशानं हे त्याला माहीत नव्हतं. कारण सापडलं जपानमध्ये. क्यूशू बेटावरच्या पाणथळ कोळशाच्या खाणींत मजूर याच आजारानं पडत होते. इनादा आणि इदो यांनी १९१५ मध्ये त्यांच्या रक्तातला मळसूत्रासारखा पीळदार जंतू दाखवला, आणि पुढे तो उंदरांच्या मूत्रपिंडांतही सापडला. त्याच सुमारास जर्मन डॉक्टरांना तो आपल्या खंदकांतल्या सैनिकांत मिळाला, आणि थोड्याच काळात इंग्रज डॉक्टरांना फ्लँडर्समध्ये. जंतू उंदराच्या मूत्रपिंडात आयुष्यभर सुखानं राहतो, उंदराला काही होत नाही. त्याच्या लघवीतून तो पाण्यात आणि चिखलात उतरतो, आणि पायाला कुठे खरचटलेलं असेल तिथून माणसाच्या अंगात शिरतो. म्हणजे उंदीर चावायला नको, दिसायलाही नको. तो मघाशी इथून गेला एवढं पुरे.

हा जंतू म्हणजे लेप्टोस्पायरा. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत घरोघरी झालेला ‘लेप्टो’ हा शब्द त्याचाच. दर पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांनी डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यावी असं महापालिका सांगते, तेव्हा फ्लँडर्सचा खंदक आणि हिंदमाताचा चौक यांत जंतूच्या दृष्टीनं काही फरक नसतो. इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. जपानी खेड्यांत भातशेतीच्या हंगामात येणाऱ्या अशा तापांना शेतकऱ्यांची आपली नावं होती: ‘अकियामी’ म्हणजे शरदातला आजार, ‘नानुकायामी’ म्हणजे सात दिवसांचा आजार. कोणत्या ऋतूत येतो आणि किती दिवस राहतो, दोन्ही नावातच. प्रयोगशाळेला बाकी होता तो जंतू.

मराठीचा एक घोटाळा इथेच निस्तरू. आपण ‘उंदीर’ म्हणतो तेव्हा त्यात दाण्याच्या डब्यात सापडणारी बोटभर चिंगळी येते आणि गटारातला मांजराला न जुमानणारा धटिंगणही येतो. घूस तेवढी आपण वेगळी काढली आहे. (इंग्रजांनी तिच्यासाठी तेलुगूतला ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, हा शब्द उचलून त्याचा ‘बँडिकूट’ केला.) चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाहीच, ती किडे खाणारी. हे सांगायचं कारण असं की आजारांच्या बाबतीत ‘कुठला उंदीर’ हा प्रश्न फार महत्त्वाचा असतो. जगभर माणसाच्या मागे फिरलेले मोठे उंदीर दोन. काळा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. तो व्यापाराच्या वाटांनी आणि जहाजांतून रोमन काळातच युरोपात पोचला. तपकिरी उंदीर मूळचा उत्तर चीन-मंगोलियाकडचा. १७६९ मध्ये बर्कनहाउट नावाच्या इंग्रजानं त्याला ‘नॉर्वेचा उंदीर’ ठरवलं, आणि नॉर्वेचा काडीचा संबंध नसताना ते शास्त्रीय नाव आजतागायत चालू आहे. बंदरात लागलेल्या जहाजांच्या दोरखंडांवर पत्र्याच्या गोल चकत्या दिसतात ना, त्या या प्रवाशांसाठी. तेव्हा परदेशातल्या एखाद्या बंदरात पोटमाळ्यावर खुडबुड ऐकू आली तर तो आपलाच एखादा जुना गाववाला असण्याची शक्यता बरीच.

मुंबईत हीच गोष्ट उलट्या बाजूनं घडली. इथे परदेशी नोकरीवर आलेले होते ते युरोपियन डॉक्टर. हेन्री व्हँडाइक कार्टर हे ग्रँट मेडिकल कॉलेजातलं मोठं नाव. जगभरच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी ज्यावर माना मोडल्या त्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली मूळ चित्रं यांच्याच हातची. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना मुंबईच्या उंदराच्या रक्तात एक बारीक वळणदार जंतू दिसला. उंदीर चावल्यानंतर काही आठवड्यांनी जखम पुन्हा सुजून येणारा जो ताप असतो, ज्याला जपानीत ‘सोदोकु’ (उंदराचं विष) म्हणतात, त्याचा हा जंतू, हे पुढे जपानमध्ये कळलं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकीन लस बनवायला आले आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. फ्रान्सहून आलेल्या पॉल-लुई सिमों यांनी मात्र लशीचा नाद सोडून उंदरावर नजर ठेवली. मुंबईनंतर कराचीत एका हॉटेलात मांडलेल्या जुजबी प्रयोगशाळेत, २ जून १८९८ ला, त्यांनी प्लेगनं मरणाऱ्या उंदराजवळ जाळीपलीकडे एक धडधाकट उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसवा जाऊ शकतील, एवढं अंतर. काही दिवसांत दुसराही उंदीर प्लेगनं मेला. पिसवेनं प्लेग पसरतो हे म्हणणं तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेलं. पुढे मुंबईतच झालेल्या प्लेग कमिशनच्या कामानं ते पक्कं झालं.

आणि गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत? तिथल्या ‘महामारी’बद्दल एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी अहवालांत नोंद आहे की घरात उंदीर मरून पडू लागले की गावकरी घरंदारं टाकून रानात राहायला जात. पिसू त्यांना माहीत नव्हती. पण मेलेल्या उंदराला सोडून पिसवा जिवंत माणूस शोधू लागायच्या आत ती माणसं घराबाहेर पडलेली असत, आणि प्लेगपासून वाचायला एवढं पुरेसं होतं. साहेबानं हे लिहून घेतलं, त्याचा अर्थ लावायला मात्र आणखी अर्धं शतक गेलं.

आता कोरिया. १९५१ च्या उन्हाळ्यात ३८ अंश अक्षांशाच्या आसपास खंदक धरून बसलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांना एक विचित्र ताप येऊ लागला. आधी डोकं आणि कंबर धरे, मग चेहरा लाल होई, कातडीखाली रक्ताचे ठिपके उमटत आणि चार-सहा दिवसांत लघवी बंद पडे. तीन हजारांहून अधिक सैनिकांना हा ताप आला, सुरुवातीला दहातला एक तरी दगावला. अमेरिकी फौजेनं या एका आजारासाठी वेगळं फिरतं इस्पितळ उभं केलं, रुग्ण हेलिकॉप्टरनं आणले, कृत्रिम मूत्रपिंडाचं तेव्हा नवं असलेलं यंत्र मागवलं. संशय गोचिडासारख्या सूक्ष्म किड्यांवर होता, म्हणून सैनिकांचे कपडे औषधात बुडवून काढले. फरक पडेना.

या युद्धाचं आपल्याशी नातं आहे. १९५० च्या नोव्हेंबरात भारताचं ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पथक तिथे पोचलं होतं. युद्ध थांबल्यावर घरी परतायला तयार नसलेले हजारो युद्धकैदी सांभाळायची जबाबदारी भारताकडे आली, आणि त्यासाठी गेलेल्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. १९५३ च्या सप्टेंबरपासून भारतीय जवान ज्या निर्लष्करी पट्ट्यात तंबू ठोकून राहिले तो याच तापाचा मुलूख.

कारण शोधायला पंचवीस वर्षं लागली. ‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असं आपण फजिती झालेल्याला म्हणतो. हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञानं अक्षरशः तेच केलं, आणि त्याहून मोठं यश नसावं. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी हा ताप हाती घेतला. शेतांतून उंदीर पकडायचे, त्यांच्या अवयवांचे पातळ काप काढायचे आणि तापातून बरे झालेल्या रुग्णांचं रक्तद्रव त्यांवर घालून सूक्ष्मदर्शकाखाली काही चमकतं का पाहायचं. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं ओळखीच्या विषाणूला चिकटतील, हा हिशेब. वर्षानुवर्षं काहीच चमकलं नाही. उंदीर पकडणारे त्यांचे काही सहकारी मात्र त्याच तापानं आजारी पडले, म्हणजे दिशा बरोबर होती. शेवटी १९७६ मध्ये पाठीवर काळी रेघ असलेल्या शेतातल्या लहानशा उंदराच्या फुप्फुसात हिरवी चमक दिसली. आजार मूत्रपिंडाचा, म्हणून सगळे मूत्रपिंडात शोधत होते, आणि विषाणू बसला होता फुप्फुसात. जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्याला हंतान हे नाव मिळालं. पुढे सोल शहराबाहेर कधी न गेलेल्या लोकांनाही असाच ताप येतो हे दिसलं, तेव्हा तिथल्या तपकिरी उंदरांत त्याचा चुलतभाऊ सापडला. जहाजी उंदीर जगभर पोचलेला असल्यानं हा चुलतभाऊही बहुतेक बंदरांत पोचला आहे.

हंतानाच्या जातीचे विषाणू चाव्यानं क्वचितच येतात. ते येतात वाळलेल्या लेंड्यांच्या आणि लघवीच्या धुळीतून, श्वासावाटे. यातून निघणारी एक सूचना आपल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेल्या सवयीच्या अगदी विरुद्ध जाते, म्हणून जरा थांबून सांगतो. परदेशात बरेच दिवस बंद असलेलं घर, केबिन किंवा गोदाम उघडलं आणि लेंड्या दिसल्या तर आपण पहिल्यांदा काय उचलतो? झाडू. तोच उचलायचा नाही. व्हॅक्यूमही नाही. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावं, मग हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी (एक भाग ब्लीचला नऊ-दहा भाग पाणी) चांगलं भिजेपर्यंत फवारावं, पाचेक मिनिटं जाऊ द्यावीत आणि ओल्या कागदानं पुसून पिशवीत बांधून टाकावं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात गेलेल्या दहा पर्यटकांना याच कुळातल्या विषाणूनं गाठलं, तिघं दगावले. त्यांपैकी बहुतेकजण ज्या नव्या धाटणीच्या तंबूंत राहिले होते त्यांच्या दुहेरी भिंतींच्या पोकळीत उंदरांनी घरटी केली होती. भिंती दुहेरी केल्या होत्या पाहुण्यांना थंडी वाजू नये म्हणून.

उंदीर मारण्याबद्दल थोडक्यात. नव्या वस्तूला उंदीर बुजतो, म्हणून आज आणलेला पिंजरा आज रात्री रिकामा राहतो. तो न लावता तीन-चार दिवस त्यात नुसतं खाणं ठेवावं. नव्या खाण्याचाही तो आधी एखादाच घास घेतो, पोटात दुखलं तर पुन्हा शिवत नाही. त्याला ओकता येत नाही, तेव्हा ही सावधगिरीच त्याचा जीव वाचवते. १९४८ च्या सुमारास उंदरांसाठी वापरात आलेलं वॉरफरिन हे विष यशस्वी झालं, कारण ते काही दिवसांनंतर बाधतं आणि दोष कशाला द्यायचा हे उंदराला उमगत नाही. दहा वर्षांत त्याला न जुमानणारे उंदीर स्कॉटलंडमध्ये सापडले, तो भाग वेगळा.

पुन्हा आजारांकडे वळू. नायजेरियात लासा नावाचं छोटं गाव आहे. १९६९ च्या जानेवारीत तिथल्या मिशन इस्पितळातली एक अमेरिकी परिचारिका आजारी पडली. घसा, तोंडात फोड, मग ताप. विमानानं तिला जोसला नेलं, तिथे ती वारली. तिची शुश्रूषा करणारी दुसरी परिचारिकाही गेली. तिसरी आजारी पडली तेव्हा तिला न्यूयॉर्कला नेण्यात आलं आणि ती वाचली. तिचे नमुने येल विद्यापीठात तपासणारे विषाणुतज्ज्ञ जॉर्डी कासाल्स स्वतःच आजारी पडले. त्यांना या वाचलेल्या परिचारिकेचंच रक्तद्रव दिलं आणि ते बरे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस येलमधला एक तंत्रज्ञ मात्र याच विषाणूनं गेला, आणि येलनं जिवंत विषाणूवरचं काम थांबवलं. आजाराचं नाव पडलं लासा ताप. १९७२ मध्ये सिएरा लिओनमधल्या साथीत त्याच्या विषाणूचा यजमान सापडला: मास्टोमिस, माणसाशी घरोबा असलेला, पुष्कळ आचळांचा आणि म्हणून पुष्कळ पिल्लांचा आफ्रिकी उंदीर.

हा उंदीर माणसाच्या घरात येतो ते बहुतेक कोरड्या हंगामात, शेतं कापून-जाळून झाली की. दाणे, वाळत घातलेला कसावा, उघडं पीठ यांच्यावरून तो रात्री फिरतो. पश्चिम आफ्रिकेत लासाची लागण झालेल्या दहांपैकी आठ जणांना फारसं काही होतही नाही, किरकोळ ताप येऊन जातो. बाकीच्यांपैकी जे मरत त्यांचं मरण मलेरियाच्या खात्यावर जमा होत असणार, दुसरं कुठलं खातंच नव्हतं. तीन गोऱ्या परिचारिका पडल्या तेव्हा नवं खातं उघडलं. यात मिशनवाल्यांचा दोष नाही, त्यांनी जीव घालवून ते उघडलं. पण जमाखर्च कसा ठेवला जातो हे यातून दिसतं. लागोसकडे नोकरीला जाणाऱ्या माणसाला सांगायची गोष्ट साधी आहे: डाळ-तांदूळ-पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत, रात्रीचं उष्टं रात्रीच बाहेर, आणि मलेरियाच्या औषधानं न हटणारा ताप असेल तर डॉक्टरांना लासाबद्दल स्वतःहून विचारावं. आपल्या आज्यांना यातला पहिला नियम शिकवावा लागला नसता.

शेवटची हकीकत अशा लोकांची ज्यांना आपल्याच भूमीत परकं ठरवलं गेलं. १९९३ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, जिथे चार राज्यांच्या सीमा मिळतात तिथे, नावाहो जमातीतली तरुण, धडधाकट माणसं दम लागून एक-दोन दिवसांत मरू लागली. वर्तमानपत्रांनी लगेच त्याला ‘नावाहो फ्लू’ करून टाकलं. हॉटेलवाले नावाहो गिऱ्हाइकांना टाळू लागले. हा हंतानाच्या कुळातलाच नवा विषाणू आहे आणि तो पांढऱ्या पोटाच्या एका रानउंदराकडून येतो हे काही आठवड्यांतच कळलं, कारण आता ली यांचं काम हाताशी होतं. पण नावाहो वडीलधाऱ्यांकडे गेलेल्यांना दुसरीच माहिती मिळाली. ज्या वर्षी पाऊस-बर्फ भरपूर होतं, पिनयॉनच्या झाडांना दाणे लगडतात, त्या वर्षी उंदीर वाढतात आणि माणसं मरतात. १९१८ मध्ये असं झालं होतं, १९३३ मध्ये झालं होतं. उंदीर हा रानाचा रहिवासी, त्याला घरात येऊ द्यायचं नाही. तो कपड्यांवरून गेला तर ते कपडे जाळून टाकायचे. १९९३ च्या आधीच्या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडलं होतं आणि पिनयॉनला दाणे लगडले होते.

विषाणूला आजाराच्या ठिकाणावरून नाव द्यायची प्रथा. एक नाव सुचलं, स्थानिकांनी हरकत घेतली, दुसरं सुचलं, त्यालाही हरकत. आपल्या दरीचं, आपल्या गावाचं नाव जगभर मरणाला चिकटावं असं कुणाला वाटेल? शेवटी त्याला स्पॅनिशमध्ये ‘सिन नोम्ब्रे’ म्हटलं गेलं, आणि शास्त्राच्या वह्यांत ते आजही तसंच आहे. अर्थ आहे: ‘नाव नसलेला’.